बॅरिस्टर आंबेडकर आणि पुराव्याचा प्रश्न

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात वीस वर्षे मशीनवर उभे राहिले. कारखाना बंद झाला, देणी थकली आणि कामगार न्यायालयात तारखा सुरू झाल्या. तारखेच्या दिवशी वडील किसननगरहून बसने स्टेशनला उतरत, वाट वाकडी करून कोर्टनाक्यावर जात, पुतळ्यासमोर हात जोडत आणि मग प्लास्टिकच्या पिशवीतले कागद छातीशी धरून पुढे जात. पिशवीतला एकही कागद त्यांना वाचता येत नव्हता. कागद इंग्रजीत होते. मी तेव्हा शाळेत होतो, मलाही येत नव्हता.

वडिलांचा हात जोडण्यामागचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. ते घटनाकाराला नमस्कार करीत होते. घटना लिहिणारा माणूस आपल्या दाव्यावर लक्ष ठेवील अशी त्यांची समजूत होती. तो माणूस याच ठाण्याच्या न्यायालयात काळा डगला घालून उभा राहिलेला वकील होता, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मलाही नव्हते. पदवी झाली, पदव्युत्तर झाले, महाविद्यालयात शिकवू लागलो, चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला भाषणे देऊ लागलो, आणि मग एके दिवशी चवदार तळ्याच्या खटल्याचे कागद वाचताना ठाण्याचे नाव समोर आले. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. महाडच्या दुय्यम न्यायाधीशाने ८ जून १९३१ रोजी सवर्णांचा दावा फेटाळला. त्यावरचे अपील ठाण्याला आले आणि ठाण्याच्या सहायक न्यायाधीशाने ३० जानेवारी १९३३ रोजी तेही फेटाळले. चवदार तळ्याचे पाणी आमच्या गावावरून वाहत गेले होते, आणि आम्ही कोर्टनाक्यावर फक्त हार घालत होतो.

या लेखात मला जे म्हणावयाचे आहे ते या अज्ञानाविषयी आहे. माझे एकट्याचे अज्ञान असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. बाबासाहेबांच्या जीवनातील वकील आणि कायद्याचा प्राध्यापक हा भाग आपल्या वाङ्मयाने, आपल्या चरित्रलेखनाने आणि आपल्या समीक्षेनेही जवळजवळ न वाचता सोडून दिला आहे, असे माझे मत झाले आहे. भीमगीतांत ‘बॅरिस्टर’ हा शब्द येतो तो पदवी म्हणून, डिग्य्रांच्या माळेतला एक मणी म्हणून. काम म्हणून तो शब्द येत नाही. चरित्रकारांनी काय केले? धनंजय कीर यांनी खटले दिले, पण प्रसंग म्हणून दिले. राजकारणाच्या दोन अंकांमधला विष्कंभक असावा तसे. चां. भ. खैरमोडे यांचे उपकार मोठे आहेत, त्यांनी कागद जपले, तपशील जपले; परंतु कागद जपणे आणि कागद वाचणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट करण्याची जबाबदारी त्यांच्यानंतरच्या आपल्या पिढ्यांची होती.

वकिली म्हणजे पोटापाण्याचा उद्योग आणि चळवळ म्हणजे खरे कार्य, अशी विभागणी आपण गृहीत धरून चाललो. त्या विभागणीला बाबासाहेबांच्या आयुष्यात आधार सापडत नाही.

१९२३ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला सुरुवात केली. सनदेसाठी लागणारे पैसे नवल भथेना या पारशी मित्राने दिले. मोठे सॉलिसिटर काम देईनात, अस्पृश्य बॅरिस्टरकडे सवर्ण पक्षकार फिरकेना. म्हणून अपिलांची कामे, जिल्ह्यांच्या न्यायालयांतली कामे आणि परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत येणारे गरीब लोक, यांच्यावर त्यांची वकिली उभी राहिली. आता खटले पाहा. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयात अपील चालवून ती शिक्षा रद्द करून घेणारे वकील बाबासाहेब होते. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकूर अश्लील ठरवून र. धों. कर्वे यांना न्यायालयात खेचण्यात आले, तेव्हा उच्च न्यायालयात उभे राहिलेले वकीलही तेच. तो खटला ते हरले. कर्वे चित्पावन, जवळकर-जेधे ब्राह्मणेतर. यांतले कुणी अस्पृश्य नव्हते. लिहिण्याचा हक्क हा ज्याचा त्याचा नसून सर्वांचा असतो, आणि तो एका नावडत्या माणसाच्या खटल्यातच तपासला जातो, ही जाण या निवडीत दिसते. नागरी हक्कांचा वकील म्हणतात तो हा.

कर्व्यांच्या खटल्याला मराठी रंगभूमीने २०१७ साली न्याय दिला. अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठे यांनी रंगमंचावर आणले आणि त्यात बाबासाहेब वकील म्हणून बोलताना मराठी प्रेक्षकाला दिसले. हे नाटक आपल्यापैकी कुणाच्या हातून का आले नाही, हा प्रश्न मी तक्रार म्हणून विचारीत नाही. आपण पुतळ्याशी जितके बोललो तितके वकिलाशी बोललो नाही, एवढेच त्यातून दिसते.

ठाण्याची आणखी एक हकिकत चरित्रकार सांगतात. १९२८ च्या ऑक्टोबरात सायमन कमिशन पुण्याला आले होते आणि बाबासाहेबांची साक्ष २३ तारखेला व्हावयाची होती. त्याच सुमारास ठाण्याच्या सत्र न्यायालयात ते एका गंभीर फौजदारी खटल्यात आरोपींचे वकील होते. पुण्यास न जावे तर लाखोंची बाजू मांडायची राहते, ठाणे सोडावे तर आरोपींच्या गळ्याशी फास येतो. त्यांनी न्यायाधीशांना विनंती केली की सरकारी वकिलाच्या भाषणाआधी बचावाचे भाषण करू द्यावे. परवानगी मिळाली. ज्याचे उत्तर द्यावयाचे ते भाषण ऐकण्याआधीच त्यांनी त्याचे उत्तर दिले, आणि बहुतेक आरोपी सुटले. चरित्रांत ही हकिकत बुद्धिमत्तेचा चमत्कार म्हणून येते. मला तीत चमत्कार दिसत नाही. समोरचा काय पुरावा मांडणार, त्यातला कोणता टिकणार, कोणता गळणार, याचा ज्याने रात्र रात्र बसून हिशेब केला आहे त्याचे ते काम आहे. आणि दुसरे असे की लाखोंच्या प्रश्नासाठी त्याने चार आरोपींना वाऱ्यावर सोडले नाही. आपल्या आजच्या पुढाऱ्यांपैकी कितीजण पुण्याची गाडी पकडण्याआधी ठाण्याचा विचार करतील, हे मी वाचकांवर सोपवतो.

आता महाड. या खटल्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण आपल्या स्मरणातला मोठा घोटाळा इथेच आहे.

२० मार्च १९२७ आपल्याला पाठ आहे. त्या दिवशी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. २५ डिसेंबर १९२७ आपल्याला पाठ आहे. त्या दिवशी मनुस्मृती जळाली. यांच्यावर कविता आहेत, नाटके आहेत, दरवर्षीचे मेळे आहेत. पण २५ डिसेंबरच्या परिषदेला लोक जमले होते ते मनुस्मृती जाळण्यासाठीच नव्हे, पुन्हा तळ्यावर जाण्यासाठी जमले होते. आणि दोन दिवसांनी मिरवणूक काढून, पाण्याला हात न लावता ते परत गेले. हे पान आपले वाङ्मय चटकन उलटते. का परत गेले? कारण १२ डिसेंबरला महाडच्या सवर्णांनी दावा दाखल केला होता आणि १४ तारखेला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. जमलेले लोक तुरुंगात जाण्यास तयार होते. त्यांना थांबवणे सोपे नव्हते आणि बाबासाहेबांना ते सुखाचेही नव्हते. काहींनी याला माघार म्हटले. आमच्या कार्यकर्त्यांतही, बैठकीत कुणी हा विषय काढला की मान खाली घालण्याची पद्धत आहे. मला मान खाली घालण्याचे कारण दिसत नाही. एक सत्याग्रह पुढे ढकलून त्यांनी सवर्णांना अशा जागी आणले जिथे त्यांना बोलावे लागणार होते, शपथेवर बोलावे लागणार होते.

कारण या दाव्यात वादी कोण आहे ते पाहा. वादी सवर्ण आहेत, प्रतिवादी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. हजारो वर्षे ज्यांना आपला हक्क सांगण्याची गरज पडली नव्हती त्यांना १९२७ साली न्यायालयाच्या दारात जाऊन म्हणावे लागले की हे तळे आमचे आहे, अस्पृश्यांनी त्यावर येऊ नये असा आमचा हक्क आहे, आणि तो अनादी काळापासूनच्या रूढीने सिद्ध आहे. ज्या क्षणी हे विधान झाले त्या क्षणी त्याला पुराव्याचे ओझे आले. रूढी धर्मग्रंथात बसलेली असते तोपर्यंत तिला कुणी विचारू शकत नाही. ती दाव्याच्या अर्जात आली की तिला उलटतपासणीला सामोरे जावे लागते. तळे कुणाचे? नगरपालिकेचे. ती नगरपालिका कुणाची? ज्या नगरपालिकेने सीताराम केशव बोले यांच्या १९२३ च्या ठरावानंतर १९२४ साली तळे सर्वांना खुले केले आणि १९२७ च्या ऑगस्टात भीतीने तो ठराव फिरवला, तीच. मुसलमानांना त्या तळ्याची मनाई होती का? नव्हती. मग हे तळे केवळ सवर्ण हिंदूंचे कसे? आणि ही मनाई अनादी काळापासून आहे याला पुरावा काय, नगरपालिका होण्याआधीच्या काळाचा कागद कोठे आहे? कागद नव्हता. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी सवर्णांचे अपील फेटाळले. दावा दाखल झाल्यापासून सव्वानऊ वर्षे झाली होती.

निकाल आपल्या बाजूचा, म्हणून आपण तो साजरा करतो. पण निकाल वाचला तर उत्साह थोडा आवरावा लागतो. अस्पृश्यता बेकायदा आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. तसे म्हणण्याला त्या वेळच्या कायद्यात जागाच नव्हती. न्यायालयाने एवढेच म्हटले की तळे नगरपालिकेचे आहे आणि सांगितलेली रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही. याचा अर्थ समजून घ्या. दुसऱ्या एखाद्या गावी, दुसऱ्या एखाद्या तळ्याच्या बाबतीत वादींच्या वकिलाने जुने कागद शोधून आणले असते, तर तीच रूढी कायदा म्हणून उभी राहू शकली असती. आपण जिंकलो ते पुराव्यावर जिंकलो. तत्त्वावर जिंकण्याची सोय नव्हती.

हा अनुभव घेतलेला माणूस दहा-बारा वर्षांनी घटना समितीच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. आता घटनेचे कलम १३ उघडा. ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येत रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी, ती सिद्ध झाली तरी, शून्य. कलम १५ चा दुसरा खंड उघडा. त्यात दुकाने, उपाहारगृहे आहेत आणि पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत. आमचे विद्यार्थी हे कलम परीक्षेसाठी पाठ करतात. घटनेसारख्या दस्तऐवजात विहीर आणि तलाव हे शब्द कशाला, असा प्रश्न त्यांना पडत नाही. कलम १७ तर उघडच आहे. ही कलमे एकट्या महाडमधून आली किंवा एकट्या बाबासाहेबांनी लिहिली असे मी म्हणत नाही. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत इतरही होते आणि तलाव-विहिरींची लढाई देशात अनेक ठिकाणी चालली होती. माझे वाचन एवढेच आहे की ब्रूमफील्डच्या निकालात जी फट उरली होती ती कलम १३, १५ आणि १७ मिळून बुजवतात, आणि ती फट नेमकी कोठे आहे हे त्या खटल्यात प्रतिवादी असलेल्या वकिलाइतके समितीत दुसऱ्या कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. घटनाकार आकाशातून उतरला नाही. तो दुय्यम न्यायाधीशाच्या कोर्टातून आला.

प्राध्यापकाचा भाग याहूनही उपेक्षित आहे. १९१८ ते १९२० सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र शिकवले, हे सर्वांना माहीत असते. बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या शिक्षणसंस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला, १९२८ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयात तात्पुरते प्राध्यापक झाले, आणि जून १९३५ ते १९३८ त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ज्याला लहानपणी वर्गात गोणपाटावर बसावे लागले तो मुंबईतल्या भावी वकिलांचा प्राचार्य झाला, असे आपण म्हणतो आणि डोळे पुसतो. तो काय शिकवीत होता हे विचारीत नाही.

विचारण्याची सोय आहे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९३ साली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा बारावा खंड काढला. त्याच खंडात ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आहे. ते आपण सर्वांनी वाचले, त्याचे अनुवाद झाले, त्यावर शोधनिबंध झाले. मीही एक लिहिला. आणि त्याच खंडात, थोड्याच पानांच्या अंतरावर, कायद्यावरच्या टिपणांचा मोठा भाग आहे: मुदतीचा कायदा, विश्वस्तांचा कायदा, मालमत्तेचे हस्तांतर, फौजदारी प्रक्रिया, पुरावा. वर्गात शिकवणाऱ्या माणसाची ती टिपणे आहेत. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली प्रत मी पाहिली. ‘व्हिसा’ची पाने मळलेली, कोपरे दुमडलेले, टिपणांची पाने कोरी करकरीत. आमची सारी आंबेडकर-समीक्षा त्या एका प्रतीत दिसते. वेदनेची पाने आम्ही मळवली, पुराव्याची पाने तशीच ठेवली.

मी मराठीचा शिक्षक आहे, कायद्याचा नाही. त्या टिपणांचे मोल मी करणार नाही. पण १९३६ साली त्याच महाविद्यालयाच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला, हे लक्षात घ्यावे. येवल्याची घोषणा होऊन काही महिनेच झालेले, देशभर खळबळ, आणि हा माणूस वकील कसा घडवावा याचा विचार करीत बसला आहे. त्याला ते काम दुय्यम वाटत नव्हते.

इथे मला अमेरिकेतल्या एका माणसाची आठवण देणे भाग आहे. आपल्या चळवळीने १९७२ साली ‘पँथर’ हे नाव तिकडून घेतले. काळ्यांची कविता आपण वाचली, त्यांची आत्मकथने वाचली, त्यांच्या विद्रोहाशी आपले नाते सांगितले. हे सर्व योग्यच झाले. पण चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे नाव आपल्या नियतकालिकांत मला फारसे आढळले नाही. हा काळा माणूस १८९५ चा, म्हणजे बाबासाहेबांपेक्षा चार वर्षांनी लहान. हार्वर्डला कायदा शिकला, आणि १९२९ पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदाशाळेचा प्रमुख झाला. ती तेव्हा नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्यांची शाळा होती. ह्यूस्टनने ती दिवसाची, पूर्ण वेळेची, कडक शिस्तीची शाळा केली, आणि तीत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे वकील घडवण्याचे काम हाती घेतले. थर्गुड मार्शल हा त्याचा १९३३ चा विद्यार्थी, पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला काळा न्यायाधीश. १९३४ साली ह्यूस्टन कॅमेरा घेऊन दक्षिण कॅरोलायनात हिंडला आणि गोऱ्यांच्या शाळा, काळ्यांच्या शाळा यांचे चित्रीकरण करून आला. ‘वेगळे पण समान’ म्हणणाऱ्या कायद्याला त्याने फळकुटांची खोपटी आणि विटांच्या इमारती पुरावा म्हणून दाखवल्या. १९३५ साली शाळा सोडून तो काळ्यांच्या हक्कांच्या राष्ट्रीय संघटनेचा पूर्णवेळ वकील झाला. १९५० मध्ये वारला. चार वर्षांनी, १७ मे १९५४ रोजी, शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, आणि तो खटला लढणारे वकील बहुतांशी त्याच्या हाताखालून गेलेले होते.

१९३५ साली ह्यूस्टन कायदाशाळा सोडतो आणि त्याच साली बाबासाहेब विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होतात. दोघेही एकाच कामाच्या दोन टोकांना होते. फरक कोठे पडला? ह्यूस्टनच्या हाती आपल्या समाजाचे विद्यापीठ होते, मागे १९०९ पासूनची संघटना होती, खटल्यांचा निधी होता. बाबासाहेब ज्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते ते सरकारचे, त्यातले विद्यार्थी बहुतेक वरच्या जातींचे. आपल्या समाजात तेव्हा पदवीधरच बोटांवर मोजण्याइतके. आपल्या समाजाचे म्हणता येईल असे विधी महाविद्यालय, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय, निघाले ते १९५६ साली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. तेव्हा वकिलांची परंपरा उभी करण्याचे काम ते करू शकले नाहीत याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. ते आपल्याकडे आले होते. आपण राजकीय पक्ष काढले, फोडले, पुन्हा काढले. साहित्य संमेलने भरवली. वकिलांची फळी उभी केली नाही. एकेकटे वकील झाले, काही फार चांगले झाले. नागपूरचे सुरेंद्र गडलिंग यांच्यासारखे, जे दलित-आदिवासींचे खटले लढत राहिले आणि जून २०१८ मध्ये स्वतःच अटकेत गेले. खटला उभा राहण्याआधीच त्यांची वर्षांमागून वर्षे तुरुंगात गेली. पण एकेकट्याला फळी म्हणत नाहीत.

याची किंमत काय, ती खैरलांजीने सांगितली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चार माणसे मारली गेली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठजणांना दोषी ठरवले, सहांना फाशी सुनावली. आपल्या वस्त्यांत पेढे वाटले गेले. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. खून सिद्ध झाला. जातीमुळे खून झाला हे मात्र न्यायालयाच्या लेखी सिद्ध झाले नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि जातीचा मुद्दा तसाच राहिला. १९३७ साली सवर्णांना रूढी सिद्ध करता आली नाही म्हणून आपण जिंकलो होतो. सत्तर वर्षांनी, कलम १७ हाती असताना, १९८९ चा स्वतंत्र कायदा हाती असताना, आपल्याला जात सिद्ध करता आली नाही. पुढे खर्ड्याचा नितीन आगे. एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांचा मुलगा मारला गेला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. घटना घडली तेव्हा मोर्चे निघाले होते. मीही ठाण्यात मोर्च्यात होतो. साक्षीदारांच्या जबान्या चालू होत्या त्या दिवसांत मी कोठे होतो, हे मला आठवत नाही.

न्यायव्यवस्था जातीय आहे, तपास जातीय आहे, हे मला मान्य आहे, आणि ते म्हणण्याची गरज संपलेली नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायदा सैल केला तो याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणावरून. २ एप्रिलला देश बंद झाला, संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. रस्त्यावरच्या लढाईने ते घडवले. पण तोच कायदा तालुक्याच्या ठाण्यात, दोषारोप ठरवताना, पंचनाम्यात रोज सैल होत असतो आणि त्यासाठी बंद पुकारला जात नाही. तिथे हवा असतो वकील, वस्तीतला, साक्षीदाराच्या घरी चार वेळा जाऊन बसणारा.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा चित्रपट आपण लोकशाहीर नारायण कांबळेसाठी पाहिला, आणि ती भूमिका करणारे वीरा साथीदार आपले होते म्हणून अधिकच जवळून पाहिला. त्यात शाहिराचा वकील चांगला माणूस आहे, प्रामाणिक आहे. तो सुखवस्तू गुजराती घरातला आहे. दिग्दर्शकाने हे टीका म्हणून दाखवले की निरीक्षण म्हणून, मला ठरवता आलेले नाही. पण शाहीर आमच्यातून यावा आणि वकील दुसऱ्यांतून, ही वाटणी त्या चित्रपटाने अचूक टिपली. आपल्या आत्मकथनांतही पोलिस चौकी पानोपानी येते, आणि कोर्ट आले तर तिथे आपण आरोपी असतो किंवा फिर्यादी असतो. वकील नसतो.

यावर माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप असा की बाबासाहेबांचाच कायद्यावर पूर्ण विश्वास नव्हता. १९४३ च्या रानड्यांवरील व्याख्यानात त्यांनी हक्कांचे रक्षण कायद्याने नव्हे तर समाजाच्या नैतिक जाणिवेने होते, अशा अर्थाचे म्हटलेच आहे. आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा हिंदू धर्म सोडण्याची घोषणा होऊन दीड वर्ष झाले होते. आक्षेप खरा आहे. तळ्याचा निकाल हाती पडला म्हणून ते हिंदू राहिले नाहीत. पण कायदा पुरेसा नाही हे कळल्यावरही त्यांनी तो खटला सोडून दिला नव्हता. आपण मात्र व्याख्यानातले वाक्य उचलले आणि सव्वानऊ वर्षांच्या तारखा विसरलो.

वागळे इस्टेट १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळाने वसवली, महामंडळाची ती पहिली वसाहत. मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आलेली आमची माणसे तिच्या कडेने किसननगर, इंदिरानगर, हाजुरीत राहिली. आता रोड नंबर सोळापासून बावीसपर्यंत फिरलात तर कारखान्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या दिसतील. १९३८ साली औद्योगिक कलहाच्या विधेयकावर विधिमंडळात बोलताना बाबासाहेबांनी असे मांडले होते की संप हा फार तर कराराचा भंग आहे, तो दिवाणी प्रश्न आहे. त्याला गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे. दिवाणी आणि फौजदारी यांतला फरक हा कायद्याच्या वर्गातला पहिला धडा. तो धडा घेऊन एक वकील ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात कामगारांच्या बरोबर उतरला होता. आमच्या वस्तीतल्या कामगार सभांतून मला हे कधी ऐकायला मिळाले नाही.

वडिलांचा दावा ते हरले. सलग नोकरीचा पुरावा नाही, असे कारण होते. हजेरीपट मालकाकडे, पगाराच्या चिठ्ठ्या जपलेल्या नाहीत. ते गेल्यावर आईची पत्र्याची पेटी आवरताना कामगार विम्याचे जुने कार्ड सापडले, नोकरी लागली त्या सालाचे, वडिलांच्या तरुणपणीच्या फोटोसकट. ते कार्ड पंधरा वर्षे घरात होते. वकिलाच्या कचेरीत ते कुणी मागितले नाही, आणि तो पुरावा आहे हे वडिलांना माहीत नव्हते. त्या एका कार्डाने निकाल फिरला असता असे मी म्हणत नाही. मागितले गेले नाही, एवढेच मी जाणतो.

गेल्या वर्षापासून दर रविवारी विहारात आम्ही काही जण बसतो. महाडचा निकाल मराठीत उतरवून थोडा थोडा वाचतो. मुले येतात, दोन-तीन मुली येतात, आय.टी.आय.तला एक फिटर येतो. मागच्या खेपेला वाचन ‘अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही’ या जागी आले तेव्हा बारावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, आणि सिद्ध झाली असती तर?” फिटर हसला. मला पटकन उत्तर देता आले नाही. मग मी तिला कलम १३ काढायला सांगितले.